शिबिरं पुरे, आता रजिस्टर: मराठवाड्यातल्या गावाचा बीपी ताब्यात कसा आणायचा

मराठवाड्यात बीपी तपासणीची शिबिरं काही कमी होत नाहीत. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, हरिनाम सप्ताह असो की नवरात्र, मंडप पडतो, टेबलं लागतात, दीड-दोनशे लोकांच्या दंडाला पट्टा बांधला जातो. आकडा जास्त आला की "दवाखान्यात दाखवा" म्हणून चिठ्ठी हातात. सहा महिन्यांनी त्याच माणसाला विचारा, गोळी चालू आहे का? "तवा घेतली होती महिनाभर, मग बरं वाटलं म्हणून सोडली." शिबिरात सापडलेल्या माणसाला परत कोण बोलावणार आणि त्याची पुढची गोळी कुठून येणार, हे कुणीच ठरवलेलं नसतं. बीपी ताब्यात येतो तो या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की झाल्यावर.

हा लेख उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी (आपण त्यांना सीएचओ म्हणतो), प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी, आशाताई आणि गटप्रवर्तकांसाठी आहे. तितकाच तो सरपंचांसाठी आणि गावात काहीतरी करू पाहणाऱ्या पोरापोरींसाठीही आहे. इथे सांगितलेली पद्धत नवी नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची सूत्रं पाच: ठरलेला उपचारक्रम, न संपणारा औषधसाठा, कामाची वाटणी, रुग्णाच्या सोयीची सेवा आणि नोंदींवर नजर. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आपल्या आठ जिल्ह्यांत ही सूत्रं मातीला धरून कशी चालवायची, ते पाहू.

आधी यादी करा

एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० लोकवस्ती येते. त्यात तिशी ओलांडलेले दोन हजारांच्या आसपास धरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. वयाबरोबर प्रमाण वाढतं. तरी तिशीवरच्यांत चौघांत एक धरला, तर तुमच्या उपकेंद्राखाली ५०० माणसं झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की देशात ज्यांना हा आजार आहे, त्यांच्यापैकी जेमतेम १२ टक्क्यांचा बीपी ताब्यात आहे. म्हणजे पाचशेतले साठ. उरलेले चारशे चाळीस कोण आहेत, हे नावानिशी माहीत असणं हे पहिलं काम.

आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत, घराण्यातले आजार यांवर गुण मिळतात आणि चारच्या वर गुण असलेल्यांना आधी तपासायचं असतं. पण 'आधी' म्हणजे 'फक्त त्यांनाच' नव्हे. तिशीवरच्या सगळ्यांचा बीपी मोजायचा आहे.

यादीत एक गोष्ट हमखास सुटते. तालुक्याच्या खासगी डॉक्टरांकडे जाणारे लोक सरकारी रजिस्टरमध्ये नसतात. त्यांनाही लिहा. गोळी कुठूनही घेवोत, बीपी ताब्यात आहे की नाही हे गावाला कळायला हवं. खासगी गोळ्यांचा खर्च झेपेना म्हणून मधेच थांबणारे पुष्कळ असतात. अशा माणसाला सांगा, की १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

मोजायचं तर नीट मोजा

इथे घाई झाली तर पुढचं सगळं चुकतं. चुकीच्या मापामुळे धडधाकट माणूस जन्मभराच्या गोळीवर जातो आणि खरा रुग्ण मोकळा सुटतो.

चालत, सायकलवर किंवा शेतातून थेट आलेल्या माणसाचा बीपी लगेच मोजू नका. पाच मिनिटं बसू द्या. गेल्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी झाली का, हे विचारा. आपल्याकडे तंबाखूचा बार तोंडात ठेवूनच माणूस रांगेत उभा असतो. त्याला चूळ भरायला लावा आणि अर्ध्या तासाने घ्या. लघवीला जाऊन यायला सांगा. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नाही. बाकड्यावर बसवून मोजू नका, पाठ टेकत नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला, उघड्या दंडावर. सदऱ्याची किंवा ब्लाउजची बाही गुंडाळून वर सारली की दंडाला आवळते, ती मोकळी करा. बायकांसाठी पडद्याआडची जागा लागते. ती नसली की कपड्यावरूनच पट्टा बांधला जातो. मोजताना रुग्णाने बोलायचं नाही आणि आपणही त्याच्याशी बोलायचं नाही.

पट्ट्याचं माप फार महत्त्वाचं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटाच जास्त येतो. प्रत्येक उपकेंद्रात एक मोठा पट्टा हवाच. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. आणि कळकळीची विनंती, आकडा गोल करू नका. ज्या रजिस्टरमध्ये सगळ्यांचाच बीपी १३०/८० आहे, तिथे मशीन लागलेलंच नसतं. यंत्र वर्षातून एकदा तपासून घ्या, सेल जादाचे ठेवा.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आला, म्हणजे वरचा किंवा खालचा कोणताही एक आकडा, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान पक्कं करा. १८०/११० किंवा त्याहून जास्त आला तर थोडा वेळ बसवून परत मोजा. तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय गळणं, बोबडी वळणं यातलं काहीही असेल, तर १०८ ला फोन. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे आधी गावातल्या दवाखान्यात सलाईन, मग तालुका, मग जिल्हा अशी वरात नको. सीटी स्कॅन कुठे आहे, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. बीपी झटकन उतरवायला जिभेखाली कॅप्सूल फोडून देण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. ती धोक्याची आहे, ती बंद करा.

गोळीचा क्रम ठरलेला हवा

एका जिल्ह्यात दहा डॉक्टर दहा कंपन्यांच्या दहा गोळ्या लिहीत असतील, तर कोणतीच गोळी पुरत नाही. म्हणून ठरलेला उपचारक्रम असतो. बहुतेक राज्यांत सुरुवात ॲम्लोडिपिनने होते, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोनसारखी लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. नेमका डोस डॉक्टर ठरवतील, पण तत्त्व सगळ्यांना माहीत हवं: महिन्याने बीपी १४०/९० च्या खाली आला नाही आणि रुग्ण गोळी नियमित घेत असेल, तर पुढच्या पायरीवर जायचं. "थोडाच जास्त आहे, बघू पुढच्या महिन्यात" या एका वाक्याने कितीतरी लोकांचा बीपी वर्षानुवर्षं १५०-१६० वर रेंगाळतो. हा दोष रुग्णाचा नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यावर सूज येते. आधी सांगितलं नाही, तर माणूस "गोळीने किडनी गेली" असं समजून ती फेकतो आणि शेजाऱ्यालाही सोडायला लावतो. सूज आली तर गोळी न थांबवता डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती देण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गरोदर बाईचा बीपी वाढला तर तिचा रस्ता वेगळा, ती थेट डॉक्टरांकडे.

साठ्याचं गणित महिन्याआधी

गोळी संपली आणि रुग्ण रिकाम्या हाताने परत गेला, की पुढच्या वेळी तो येत नाही. पन्नास-साठ रुपये भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो तो.

गणित सोपं आहे. उपकेंद्राखाली ३०० रुग्ण उपचारावर आहेत आणि प्रत्येकाला रोज एक ॲम्लोडिपिन लागते असं धरा. महिन्याला ९,००० गोळ्या, तिमाहीला २७,०००. त्यातल्या निम्म्यांना टेल्मिसार्टनही लागली तर तिमाहीला १३,५००. केंद्राखाली अशी सहा उपकेंद्रं असतील तर ॲम्लोडिपिनच १,६२,००० झाल्या. मागणी करताना गेल्या वेळी किती आल्या ते लिहून चालत नाही, कारण गेल्या वेळीच कमी आल्या असतील. रुग्णसंख्येवरून मागा आणि वर एका महिन्याचा राखीव साठा धरा. ई-औषधी प्रणालीत शिल्लक दर आठवड्याला अद्ययावत ठेवा. शेजारच्या केंद्रात पडून असलेला साठा तिथूनच दिसतो. तरीही तुटवडा आला तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीचा प्रस्ताव साठा संपण्याआधी ठेवा, संपल्यावर नको.

प्रत्येक भेटीला ३० दिवसांच्या गोळ्या द्या. आठ-दहा गोळ्या देऊन "संपल्या की या" असं सांगणं म्हणजे उपचार मोडायला लावणं. आणि डॉक्टरांनी एकदा गोळी ठरवली की पुढच्या गोळ्या गावातच, उपकेंद्रावर सीएचओंच्या हातून मिळाव्यात. केंद्राला हेलपाटा घालायचा तो बीपी वाढला किंवा तक्रार असली तरच.

परत बोलावणं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे.

प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करा: एक भाग त्याच्याकडे, एक आपल्याकडे. आपल्याकडची कार्डं नावाच्या अक्षरानुसार लावू नका, पुढच्या भेटीच्या तारखेनुसार लावा. महिन्याच्या प्रत्येक आठवड्याचा एक कप्पा. आठवडा संपला आणि कप्प्यात कार्ड उरलं, म्हणजे तो माणूस आला नाही. संगणक चालो न चालो, नेट असो नसो, ही पद्धत चालते. पोर्टलवर नोंद करायचीच आहे, पण रोज सकाळी हात कप्प्यातच गेला पाहिजे.

उरलेल्या कार्डांना फोन लावा. कसं बोलायचं यावर पुष्कळ अवलंबून असतं. "तुम्ही का नाही आलात?" असा सुरुवातीलाच जाब विचारला की समोरचा खोटं बोलतो, "गोळ्या हायत अजून." त्यापेक्षा असं:

"काकू, उपकेंद्रातून बोलतेय. तब्येत कशी आहे? गोळ्या संपत आल्या असतील ना?"

"संपल्या माय कवाच. कापसाला बाया मिळंनात, येऊ कशी?"

"मग असं करा, शनिवारी बाजारला येणारच ना? येता-येता पाच मिनिटं उपकेंद्रात या, गोळ्या बांधून ठेवते. डोकं दुखत नसलं तरी या बरं का."

शेवटचं वाक्य विसरू नका. बीपी वाढला की डोकं दुखतं, गरगरतं, असा लोकांचा पक्का समज आहे. दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं ते धरून चालतात. पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि पहिली खूण थेट लकव्याची असू शकते. फोन लागला नाही किंवा दोनदा सांगूनही आले नाहीत, तर आशाताईंनी घरी जावं. घरी गेल्यावर गोळ्यांची पाकिटं बघायला मागावीत. किती शिल्लक आहेत यावरून खरं कळतं.

बाजाराच्या दिवसाचा उल्लेख आला तो मुद्दाम. आठवडी बाजाराला पंचक्रोशी गोळा होते. बीपी-साखरेचा तपासणी दिवस केंद्राच्या सोयीचा ठरवण्यापेक्षा बाजाराचा ठेवला, तर माणसाची एकच फेरी होते. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापूस वेचणी या दिवसांत उपकेंद्र आठवड्यातून एकदा तरी सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला उघडं ठेवता येतं का, ते बघा.

पुरुष कुठे सापडतील

आशाताईंचं येणं-जाणं बायकांमध्ये. दुपारी घरी पुरुष नसतात. त्यामुळे रजिस्टरमध्ये बायकाच जास्त दिसतात. पुरुष सापडतात दूध संकलन केंद्रावर, चहाच्या हॉटेलात, मोंढ्यात, जिनिंगवर, गणपती मंडळात. मोंढ्यातल्या हमालांची आणि ट्रॅक्टर-ट्रक ड्रायव्हरांची तपासणी तिथे जाऊनच करावी लागेल. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला बीपी" हे वाक्य तिथे ऐकायला मिळेल. अंगमेहनत चांगलीच, पण ती तंबाखू, दारू आणि मिठाचा परिणाम पुसून टाकत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेजवळच्या टपरीवर तो मिळत असेल, तर ग्रामपंचायतीने ते बघायचं काम आहे.

मिठाचा हिशोब पुड्यावर

"मीठ कमी खा" हा सल्ला हवेत विरतो. "कमीच खातो" म्हणतो माणूस, कारण तो फक्त वरून घेतलेलं मीठ मोजतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. पाच मोठ्या माणसांच्या घरात ३० दिवसांत ७५० ग्रॅम. थोडक्यात, एक किलोचा पुडा किमान ४० दिवस जायला हवा, आणि त्यातच लोणचं, पापड, चटणी आलं. पुडा फोडला की त्यावर पेनने तारीख लिहायला लावा. घरातल्या बाईला हा हिशोब एकदा दाखवला की भाषणाची गरज उरत नाही.

आपल्या जेवणात मीठ कुठून येतं? ठेचा, लोणचं, खारवलेल्या मिरच्या, पापड, बाजारचा फरसाण, हॉटेलची भजी. ज्वारीच्या भाकरीत मीठ घालायची गरजच नसते, ही आपली जमेची बाजू. पीठ मळताना मीठ पडतं ते धपाट्यात नि पोळीत. ठेचा सोडा असं म्हणणार नाही, कुणी सोडणारही नाही. त्यात दाणे-लसूण वाढवा आणि मीठ निम्मं करा. जवसाच्या, कारळाच्या चटणीतही तेच. बचत गट पापड-लोणची करून विकतात, तेव्हा त्यांच्याशी बोललं तर एका पाककृतीत अनेक घरांचं मीठ कमी होतं. सप्ताहाच्या पंगतीचे आचारी आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनाही यात घ्या. कीर्तनकार महाराजांनी एकदा तंबाखू-मिठावर दोन शब्द बोलले, तर ते आपल्या पोस्टरपेक्षा लांब पोचतात. कमी सोडियमचं, पोटॅशियमवालं मीठ बाजारात मिळतं. पण किडनीचा आजार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सलाईन आणि अंगदुखीच्या गोळ्या

यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. थोडी कणकण आली, अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा" हा हट्ट. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास दिवसभराचं मीठ थेट शिरेत. जुलाब-उलटीने पाणी कमी झालं असेल तर सलाईन जीव वाचवतं, पण ताकद यावी म्हणून ते लावून घेणाऱ्या बीपीच्या माणसाचं नुकसानच होतं.

दुसरं अंगदुखीच्या गोळ्यांचं. दिवसभर वाकून काम केलं की रात्री किराणा दुकानातून किंवा मेडिकलमधून दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या की बीपी वाढतो, बीपीच्या गोळ्यांचा असर कमी होतो आणि किडनीवर ताण येतो. "गोळी चालू आहे तरी बीपी उतरत नाही" असा रुग्ण आला की पुढच्या पायरीवर जाण्याआधी हा प्रश्न विचारा: "अंग दुखलं की काय घेता?"

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळी तयारी

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत गावं ओस. रजिस्टरमध्ये या लोकांवर 'स्थलांतरित' शेरा मारून काम संपवायचं नाही.

दसऱ्याच्या आधी तपासणीचा एक खास दिवस ठेवा. ज्यांचा बीपी ताब्यात आहे, त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. कार्डावर गोळीचं नाव आणि डोस मराठीत ठळक लिहा, कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी इंग्रजीतही. आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदींचा डिजिटल ओळख क्रमांक) काढून द्या. कोणत्या कारखान्यावर, कोणत्या तालुक्यात जाणार आणि मुकादमाचा फोन नंबर काय, हे रजिस्टरमध्ये घ्या. कोयत्यावर, म्हणजे तोडणीच्या जोडीत, नवरा-बायको दोघं असतात, म्हणून तपासणी दोघांची. संक्रांतीच्या सुमारास फोन करा, कारण तेव्हा गोळ्या संपत आलेल्या असतात. कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रात कार्ड दाखवून पुढच्या गोळ्या घ्या, असं सांगा. जमलं तर तिथल्या सीएचओंनाही एक फोन करा. टोळी परतली की आठवड्याच्या आत पुन्हा मोजणी.

एप्रिल-मे

पारा ४२ च्या पुढे जातो, गावं टँकरवर येतात, पिण्याचं पाणीही मोजून वापरलं जातं. अशा दिवसांत लघवीची गोळी घेणाऱ्यांना चक्कर, गळून जाणं, उभं राहताना अंधारी येणं असं होऊ शकतं. त्यांनी स्वतःहून गोळी बंद न करता बीपी मोजून घ्यावा, डॉक्टर डोस बदलतील. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी विचारावं. "घाम जातो म्हणून मीठ जास्त खावं" या समजाने ताकात मूठभर मीठ टाकू नये. पाणी जास्त प्यावं, ताक पातळ आणि अळणीकडे झुकणारं असावं.

तिमाहीचा हिशोब आणि ग्रामसभा

दर तीन महिन्यांनी एकच मोजमाप काढा. सहा महिन्यांपूर्वी ज्यांची नोंद झालेली होती, त्यांच्यापैकी गेल्या तीन महिन्यांत किती आले आणि शेवटच्या भेटीत किती जणांचा बीपी १४०/९० च्या खाली होता? समजा ३०० पैकी १२० ताब्यात, ८० जास्त, १०० आलेच नाहीत. नियंत्रण ४० टक्के. न आलेल्यांना हिशोबातून वगळलं तर तोच आकडा ६० दिसतो, आणि ती स्वतःची फसवणूक आहे. ते १०० परत आणण्याचं काम आशाताई आणि सीएचओंचं. त्या ८० जणांची गोळी वाढवण्याचं काम डॉक्टरांचं. या ८० जणांना आशाताईंनी कितीही फोन केले तरी त्यांचा बीपी उतरणार नाही.

हा आकडा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचला जावा, नावं न घेता. सरपंचांनी आणि गावकऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत ॲम्लोडिपिन किती दिवस संपलेली होती? बीपीचं यंत्र चालू आहे का, मोठा पट्टा आहे का? न आलेल्यांपैकी किती जणांना फोन गेला? ऊसतोडीला गेलेल्यांच्या गोळ्यांची काय सोय केली? "मागणी पाठवली आहे" असं उत्तर आलं, तर कोणत्या तारखेला आणि किती गोळ्यांची, ते विचारून इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेची सुरुवात त्याच ओळीपासून करा.